ग्लायस्कॉर: ऑर्ब कधी लागतो, ईव्ही कुठे टाकायचे, सोबत कोण? (रविवारच्या लीगसाठी)

वणीचा_विंचू

गेल्या दोन रविवारी आपल्या पोकेमॉन लीगमध्ये जवळपास प्रत्येक टीममध्ये ग्लायस्कॉर (विंचवासारखा पोकेमॉन) दिसला आणि निम्म्यांचा फुकट मेला. म्हणून हा धागा. नियम आपले नेहमीचेच: शोडाउन (पोकेमॉन लढती खेळायची साइट), नववी जनरेशन, सहा विरुद्ध सहा सिंगल्स, टेरा (सामन्यात एकदा एका प्राण्याचा टाइप बदलणं) चालू, झोपवणारे मूव्ह बंद.

आधी मूळ माल. ग्राउंड/फ्लाइंग. बेस आकडे: एचपी (जीव) ७५, अटॅक ९५, डिफेन्स १२५, स्पेशल अटॅक ४५, स्पेशल डिफेन्स ७५, स्पीड ९५. इलेक्ट्रिक आणि ग्राउंड लागतच नाही. आईस चौपट, वॉटर दुप्पट. आत येताना लागणारा स्टेल्थ रॉक साध्या दराने लागतो, म्हणजे एक अष्टमांश. स्पाइक्स, टॉक्सिक स्पाइक्स, स्टिकी वेब यांचा त्रास नाही, कारण तो उडतो.

अ‍ॅबिलिटी फक्त पॉयझन हील. हातात टॉक्सिक ऑर्ब (धरणाऱ्यालाच विष चढवणारी वस्तू). विष चढलं की दर टर्नला एक अष्टमांश एचपी परत. नववीत रिकव्हर, रूस्ट, सॉफ्ट-बॉइल्ड या बरं करणाऱ्या मूव्हचे पीपी (किती वेळा वापरता येतो ती मर्यादा) ५ केलेत, वाढवून ८ होतात. ग्लायस्कॉरला बरं व्हायला ना टर्न लागतो, ना पीपी. लांब चाललेल्या सामन्यात समोरच्याचे आठ रूस्ट संपतात, याचं ठिबक मात्र चालूच असतं.

माझा सेट:

अर्थक्वेक / टॉक्सिक / स्पाइक्स / प्रोटेक्ट
केअरफुल नेचर (स्पेशल डिफेन्स वाढवणारं), ईव्ही (आकडे वाढवायला वाटायचे गुण): एचपी २४४, स्पेशल डिफेन्स २०८, स्पीड ५६
टेरा वॉटर

एचपीत २५२ का नाही? २५२ टाकले तर एचपी ३५४ होतो, २४४ ला ३५२. अष्टमांश दोन्हीकडे ४४ च. उरलेले ८ दुसरीकडे कामी येतात.

पऱ्हाटी

भाऊ, स्पीड ५६ काहून? ग्लायस्कॉरले मागं राहू द्या ना, तसाबी तो मार खायलेच आहे.

वणीचा_विंचू

ईव्ही न टाकता स्पीड २२६. ५६ टाकले की २४०. अ‍ॅडमंट (अटॅक वाढवणारं नेचर) ब्रेलूम पूर्ण स्पीडला २३९ वर असतो, त्याच्या एक पाऊल पुढे. अ‍ॅडमंट सिझर २२९, तोही मागे राहतो. हीट्रान पूर्ण स्पीड पण साध्या नेचरचा असेल तर २५३, त्याच्यासाठी २५४ हवेत, म्हणजे ११२ ईव्ही. आपल्या लीगमध्ये हीट्रान बहुतेक हळू खेळवतात, म्हणून मी तिकडे खर्च करत नाही. तुमच्या गटात वेगळं असेल तर बदला. लेव्हल १०० ला चार ईव्हीला एक आकडा, हिशेब सोपा आहे.

झाडीपट्टी

ईव्हीवर नंतर भांडू. लोक मरतात ते ऑर्बपायी. तो टर्नच्या शेवटी लागतो आणि ज्या टर्नला लागतो त्या टर्नला बरं करत नाही. ४४ येतात ते पुढच्या टर्नपासून. आता प्रवेशाचे तीन प्रकार बघा:

पहिला: चालू टर्नमध्ये स्विच करून आणला. त्याच टर्नच्या शेवटी ऑर्ब लागला. पुढच्या टर्नला मोकळे.

दुसरा: लीड म्हणून, म्हणजे सुरुवातीलाच, उतरवला. पहिला टर्न बिनविषाचा जातो. इथे प्रोटेक्ट (त्या टर्नचा फटका अडवणारा मूव्ह) दाबायचा, डोळे मिटून.

तिसरा: आपला एक मेला आणि त्याच्या जागी आणला. हा प्रवेश टर्न संपल्यावर होतो, म्हणून हाही लीडसारखाच. पुन्हा प्रोटेक्ट.

तिसऱ्यात लोक फसतात. मेल्यावर विंचू, म्हणजे ग्लायस्कॉर, आणतात, लगेच अर्थक्वेक दाबतात, समोरून नॉक ऑफ (हातची वस्तू पाडणारा मूव्ह) येतो, ऑर्ब जातो. मग अख्खा सामना बिनाइलाजाचा ग्लायस्कॉर घेऊन बसायचं. एकदा विष चढल्यावर नॉक ऑफ बसला तर मात्र काही बिघडत नाही. विष अंगात राहतं, बाहेर जाऊन परत आला तरी राहतं. उलट त्यानंतर ग्लायस्कॉर नॉक ऑफ खायला सगळ्यात चांगला गडी, कारण हातात काही नसल्यावर त्या मूव्हची दीडपट ताकद मिळत नाही.

ऑर्बच्या आधी दुसरं काही लागलं तरी तेच. विल-ओ-विस्पने भाजला की विष चढत नाही. थंडर वेव्हची भीती नाही, ती इलेक्ट्रिक.

खामगाव_एक्स्प्रेस

झाडीपट्टींच्या यादीत एक भर: प्रोटेक्ट डोळे मिटून नाही. समोर रॅपिड स्ट्राइक उर्शिफू असेल तर त्याची अनसीन फिस्ट स्पर्शाचे मूव्ह प्रोटेक्टमधूनही मारते. सर्जिंग स्ट्राइक्स तीन वेळा, तिन्ही क्रिटिकल, वॉटर. ग्लायस्कॉर तिथे उभा राहूच शकत नाही. टीम प्रीव्ह्यूत उर्शिफू दिसला की लीड बदला.

आता नेचर. केअरफुल सगळीकडे चालतं असं समजू नका. कॅल्क्युलेटर लावून बघा, मी लावला.

ग्रेट टस्क, जॉली (स्पीड वाढवणारं नेचर), अटॅक २५२ (म्हणजे ३६१), आईस स्पिनर:
केअरफुलवाल्या सेटला (डिफेन्स २८६) २९२ ते ३४४.
तेच २०८ डिफेन्सला टाकून इम्पिश (डिफेन्स वाढवणारं नेचर) केलं (डिफेन्स ३७१) तर २२४ ते २६८.

३५२ पैकी ३४४. पूर्ण एचपीवर असेल तर केअरफुलही वाचतो, अगदी काठावर. स्टेल्थ रॉक पडलेला असेल तर ३०८ वर आत येतो आणि बहुतेक वेळा मरतो. टस्ककडे बूस्टर एनर्जी असेल तर त्याचा अटॅक वाढतो आणि केअरफुलला किमान ३८० बसतात, विषय संपला. इम्पिशला बूस्टरसकट २९२ ते ३४४.

म्हणून माझं मत इम्पिश. आपल्या लीगमध्ये टस्क नाही अशी टीम दाखवा.

वणीचा_विंचू

मान्य, पण दुसरी बाजूही कॅल्क्युलेटरवर घाला. गॅलेरियन स्लोकिंग, स्पेशल अटॅकला एकही ईव्ही नाही, साधं नेचर, आईस बीम:
केअरफुल (स्पेशल डिफेन्स २६१): २५६ ते ३०४. वाचला.
इम्पिश (स्पेशल डिफेन्स १८६): किमान ३६०. पूर्ण एचपीवरून एका फटक्यात गेला.

स्लोकिंगचा बेस स्पीड ३०, म्हणजे आधी अर्थक्वेक आपला. त्याच्या डिफेन्सला ईव्ही नसतील तर ३९४ पैकी २४८ ते २९४ जातात. मग त्याचा आईस बीम खाऊन, ४४ घेऊन, दुसऱ्या अर्थक्वेकला तो पडतो. केअरफुल असेल तरच हे जमतं. अर्थात शहाणा खेळाडू पहिल्याच फटक्यानंतर त्याला बाहेर काढेल आणि रिजनरेटरने तृतीयांश भरून घेईल. पण बाहेर काढला म्हणजे परत येताना स्पाइक्सवर पाय ठेवणार.

टस्कसाठी टीममध्ये दुसरा माणूस ठेवा. एकाच ग्लायस्कॉरने दोन्ही बाजू धरायच्या म्हटलं तर दोन्ही सुटतात.

तूरदाणा

दोघांचंही बरोबर आहे, वाद टीमवर आहे. सोबत टॉक्सापेक्स किंवा डॉन्डोझोसारखा जड फिजिकल गडी असेल तर केअरफुल. सोबत ब्लिसी असेल तर इम्पिश.

मला वाटतं स्पाइक्स आणि टॉक्सिक एकत्र का चालतात हे नीट सांगायला हवं, कारण पुष्कळ जण टॉक्सिक काढून नॉक ऑफ घालतात आणि मग म्हणतात काम होत नाही. टॉक्सिकचं नुकसान दर टर्नला एकेक सोळांश वाढतं: १, २, ३, ४, ५. पाच टर्नमध्ये १५ सोळांश. इलाज नसलेला प्राणी सहाव्या टर्नला मरतोच. म्हणून समोरचा काय करतो? बाहेर काढतो. बाहेर काढला की मोजणी परत एकपासून. टॉक्सिकवरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्विच. आणि स्विचची किंमत स्पाइक्स वसूल करतात: एक लेयर अष्टमांश, दोन लेयर षष्ठांश, तीन लेयर चतुर्थांश. थांबला तर विष, निघाला तर काटे.

पण तिसऱ्या लेयरच्या मागे लागू नका. दोन लेयर होईपर्यंत समोरच्याला डाव कळलेला असतो. तिसऱ्याच्या नादात आईस बीम खाण्यापेक्षा दोनवर निघून जा.

हेवी-ड्यूटी बूट्सवाले काट्यांवरून सरळ चालत येतात. त्यांच्यासाठी नॉक ऑफ लागतो, पण तो टीममध्ये दुसऱ्या कोणाकडे ठेवा. विंचवाच्या चार मूव्हमध्ये सगळंच बसत नाही.

आणखी एक: हॅटरीन दिसली की टॉक्सिक आणि स्पाइक्स दोन्ही खिशात. मॅजिक बाउन्सने स्पाइक्स आपल्याच अंगणात येतात. क्लेफेबलची मॅजिक गार्ड असेल तर विष नाही, काटेही नाहीत. ब्लिसीची नॅचरल क्युअर बाहेर गेल्याबरोबर विष धुते. या तिघींवर टॉक्सिकचे पीपी घालवू नका, १६ च असतात.

पऱ्हाटी

टॉक्सिक माह्या हातानं दर वेळी हुकते. अ‍ॅक्युरसी ९० आहे म्हनते, मले तं ५० वाटते.

आन् गोल्डेंगोवर टॉक्सिक चालत नाई ना?

तूरदाणा

नाही. एक तर तो स्टील, विष लागतच नाही. वरून गुड अ‍ॅज गोल्ड, कुठलाच स्टेटस मूव्ह त्याच्यावर चालत नाही. त्याला अर्थक्वेक दुप्पट लागतो, पण एअर बलून बघून घ्या. बलून असेल तर तो आत येतानाच स्क्रीनवर लिहून येतं, ते वाचा. बहुतेक जण वाचत नाहीत आणि अर्थक्वेक हवेत जातो.

गोल्डेंगो आपल्याकडे असेल तर मात्र चांदी. घोस्ट असल्यामुळे रॅपिड स्पिन त्याच्यावर चालत नाही, आणि त्याच्या समोर डिफॉग केला तर तो फसतो. विंचवाने टाकलेले काटे जागेवर राहतात.

९० टक्क्यांबद्दल: पॉयझन टाइपने मारलेला टॉक्सिक चुकत नाही. विंचू पॉयझन टाइपचा नाही, म्हणून दहात एकदा चुकणारच. ज्या टर्नला चुकला तर मरतो, त्या टर्नला टॉक्सिक दाबायचाच नाही.

झाडीपट्टी

जुना सबस्टिट्यूट-प्रोटेक्टचा सेट कोणी काढला नाही अजून, मी काढतो. पाचव्या जनरेशनमध्ये ग्लायस्कॉरला पॉयझन हील मिळाली तेव्हापासूनचा आहे आणि हिशेबाने आजही बसतो.

सबस्टिट्यूट / प्रोटेक्ट / टॉक्सिक / अर्थक्वेक. जॉली, एचपी २४४, स्पीड २५२, उरलेले १२ डिफेन्सला. स्पीड ३१७.

३५२ चा चतुर्थांश ८८. सबस्टिट्यूटला (स्वतःच्या जागी मार खाणारा पुतळा) ८८ गेले. त्याच टर्नच्या शेवटी ४४ आले. पुढचा टर्न प्रोटेक्ट, आणखी ४४. जमाखर्च शून्य. समोरच्याने पुतळा फोडला तर परत सबस्टिट्यूट, परत प्रोटेक्ट. दरम्यान त्याच्या अंगात टॉक्सिक चढतोय. मध्ये सबस्टिट्यूट असल्यामुळे प्रोटेक्ट लागोपाठ दाबावा लागत नाही. लागोपाठ दाबला तर दुसऱ्यांदा तिनात एकदाच लागतो.

क्रम असा: विष चढलेलं असलं पाहिजे (वर सांगितलेले तीन प्रकार), मग टॉक्सिक, मग पुतळा. पुतळा आधी करायचा मोह होतो. पण समोरच्याला विष नसताना पुतळे करत बसणं म्हणजे आपलेच पीपी जाळणं, सबस्टिट्यूटचेही १६ च.

मोडतो कुठे? क्लॉयस्टर: स्किल लिंकने आइसिकल स्पिअर पाचदा मारतो, पहिला पुतळ्याला, बाकीचे तुम्हाला. ड्रॅगापल्टची इन्फिल्ट्रेटर पुतळ्याच्या आरपार. आवाजाचे मूव्ह, हायपर व्हॉइससारखे, तेही आरपार. आणि कॉर्विनाइट, स्कार्मरी: स्टील म्हणून विष नाही, फ्लाइंग म्हणून अर्थक्वेक नाही. या सेटकडे त्यांच्यासाठी काहीच नाही, सरळ बाहेर. कॉर्विनाइटची प्रेशर असेल तर तुमचे पीपी दुप्पट जातात, तिथे हट्टाने बसलेला माणूस हरतोच.

खामगाव_एक्स्प्रेस

टॉंटचं कोणीतरी लिहा. टॉंट बसला की लोक घाबरून विंचू काढतात. काढू नका! टॉंटने टॉक्सिक, स्पाइक्स, प्रोटेक्ट, सबस्टिट्यूट बंद होतात, पण पॉयझन हील मूव्ह नाही, ती चालूच राहते. समोरच्याकडे आईस किंवा वॉटर नसेल तर बिनधास्त अर्थक्वेक दाबत बसा. म्हणूनच अर्थक्वेकशिवाय सेट बनवू नये.

ट्रिकचंही (हातच्या वस्तूंची अदलाबदल करणारा मूव्ह) तसंच. विष चढल्यावर कोणी स्कार्फ टेकवला तर तुमचं विष तसंच राहतं आणि ऑर्ब त्याच्या हातात जाऊन त्यालाच विष चढतं. तुम्ही एका मूव्हला अडकता, एवढाच तोटा. विष चढायच्या आधी ट्रिक झाली तर सगळं गेलं.

खरी वाट लावतो तो गॅलेरियन वीझिंग. न्यूट्रलायझिंग गॅसने अ‍ॅबिलिटी बंद. मग तेच विष तुम्हाला खायला लागतं, तेही दर टर्नला वाढत. वीझिंग मैदानात असेपर्यंत विंचू आत ठेवू नका. त्याची दुसरी अ‍ॅबिलिटी लेव्हिटेट, पण गॅस असेल तर ती आत येतानाच जाहीर होते, आणि गॅसवाल्याला अर्थक्वेक लागतो. दुप्पट.

मोहफूल

टेराबद्दल तीन गोष्टी, कारण इथेच सगळ्यात जास्त सामने जातात.

टेरा वॉटर केला की आईस आणि वॉटर दोन्ही अर्धे. पण तुम्ही आता उडत नाही. समोरच्याचे काटे लागतील, अर्थक्वेक लागेल, आणि इलेक्ट्रिक व ग्रास दुप्पट. टेरा करायच्या आधी समोर इलेक्ट्रिक गडी शिल्लक आहे का ते बघा. रेजिंग बोल्ट जिवंत असताना टेरा वॉटर करू नये.

टेरा स्टील किंवा टेरा पॉयझन ठेवत असाल तर ऑर्ब लागल्याशिवाय टेरा करायचा नाही. स्टील आणि पॉयझन यांना विष चढत नाही, ऑर्बचंही नाही. आधी विष चढलेलं असेल तर टेरा झाल्यावरही ते राहतं आणि बरं करत राहतं. क्रम उलटा झाला की हातात नुसता दगड.

टेरा नॉर्मल स्वोर्ड्स डान्सवाल्यांसाठी (अटॅक दुप्पट करणारा मूव्ह). फसाडची ताकद मुळात ७०, विष असल्यामुळे १४०, टेरा नॉर्मलने वरून दीडपट, म्हणजे २१०. एका डान्सनंतर ईव्ही न टाकताही अटॅक २२६ चा ४५२. घोस्टवर फसाड चालत नाही, तिथे अर्थक्वेक. या सेटची जागा शेवटच्या दोन-तीन प्राण्यांत आहे, कॉर्विनाइट-स्कार्मरी आणि अनअवेअर (समोरच्याचा वाढवलेला अटॅक न मानणारा) डॉन्डोझो गेल्यावर. आधी काढला तर फुकट. मला हा सेट फारसा पसंत नाही. विंचवाला टिकण्यासाठी ठेवायचं आणि मग त्याच्याकडून धावून जायची अपेक्षा करायची, हे जमत नाही.

पऱ्हाटी

मंग सोबत कोन ठेवायचा ते सांगा राजेहो. वीव्हाइल आला की माह्या विंचू तं गेलाच समजा.

मोहफूल

वीव्हाइलसमोर ठेवायचाच नाही. ट्रिपल अ‍ॅक्सेलचे तिन्ही बसले तर इम्पिशही मरतो. आईस शार्ड मात्र इम्पिशला १६० ते १९२ च, म्हणजे अर्धा. तो आधी मारतो म्हणून स्पीड कितीही टाका, उपयोग नाही.

सोबतीला जुनी जोडी हीट्रान. आईस त्याला पावपट, आणि त्याला चौपट लागणारा ग्राउंड विंचवाला लागतच नाही. एक जण बाहेर, दुसरा आत. भोक एकच: वॉटर दोघांनाही दुप्पट. म्हणून तिसरा पाणी खाणारा हवा.

दुसरी जोडी टॉक्सापेक्स. त्याला इलेक्ट्रिक, ग्राउंड, सायकिक दुप्पट, पैकी पहिले दोन विंचू झेलतो. वॉटर आणि आईस टॉक्सापेक्सला अर्धे. पण क्युरेमचा फ्रीझ-ड्राय वॉटर टाइपलाही दुप्पट लागतो, तिथे ही जोडी फाटते. क्युरेम दिसला तर तिसरा कोणीतरी स्टील ठेवाच.

कॉर्विनाइटसाठी झॅपडॉस किंवा हीट्रान. विंचू आत, कॉर्विनाइट येणार हे जवळपास ठरलेलं, म्हणून प्रोटेक्टच्या जागी यू-टर्न (मारून लगेच बाहेर येणारा मूव्ह) ठेवणारेही आहेत. यू-टर्न ठेवला तर ऑर्बचा पहिला टर्न सांभाळायला प्रोटेक्ट नाही हे लक्षात ठेवा. तेव्हा विंचू लीड करू नका आणि कोणी मेल्यावर आणू नका, फक्त चालू टर्नमध्ये स्विच करूनच आत आणा. इलेक्ट्रिक किंवा ग्राउंड मूव्ह येणार असं दिसलं की.

तूरदाणा

निन्टेन्डो स्विचवर खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: ग्लायगरला रेझर फँग देऊन रात्री लेव्हल वाढवा, ग्लायस्कॉर होतो. पॉयझन हील ही हिडन अ‍ॅबिलिटी, अ‍ॅबिलिटी पॅच लागेल. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये तो २०२३ च्या टील मास्कपासून आहे, नुसत्या मूळ गेममध्ये शोधत बसू नका.

वणीचा_विंचू

मोबाइलवर खेळणाऱ्यांना एक विनंती. विंचवाचे सामने लांबतात. संध्याकाळी लाईट गेली की टॉवरचीही रेंज पडते, आणि टायमर चालू असेल तर तो थांबत नाही. मूव्ह लगेच दाबून ठेवा. समोरच्याने निवडेपर्यंत कॅन्सल करून बदलता येतो. नुसता विचार करत बसलात आणि रेंज गेली तर सामना गेला. टीम एक्स्पोर्ट करून तो मजकूर ग्रुपवर टाकून ठेवा, ब्राउझरचा डेटा साफ केला की टीम बिल्डरमधलं सगळं उडतं.

पऱ्हाटी

आखरी सवाल. समोरबी विंचू, इकडंबी विंचू. मंग?

झाडीपट्टी

दोघांनाही विष चढलेलं, दोघांनाही अर्थक्वेक लागत नाही. जो आधी स्पाइक्स टाकायला लागला तो पुढे. समोरचा प्रोटेक्ट दाबेल त्या टर्नला तर नक्की टाका, स्पाइक्स प्रोटेक्टने अडत नाहीत. दोन लेयर झाले की आपला आईसवाला गडी आत आणा. त्यालाही काटे लागतील, म्हणून त्याच्या पायात बूट्स.